शून्याचा रकाना

ऑफिसात त्यांना सगळे नाकबाई म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. हे नाव नाकाच्या आकारावरून पडलेलं नव्हतं. नाक तसं बेताचंच होतं. ते पडलं नाकाच्या हालचालीवरून. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम उघडला की पहिल्या दहा ओळींतच बाईंची उजवी नाकपुडी किंचित वर चढायची, आणि मागे उभा असलेला प्रोग्रॅमर आपसूक एक पाऊल मागे सरायचा. बाईंना नेमका कसला वास येतो हे कोणी कधी विचारलं नाही. येतो, एवढं सर्वांना मान्य होतं.

किळस वाटणं हे त्यांच्या पोटापाण्याचं साधन होतं, आणि तेही विशीच्या आतलं. एकोणिसाव्या वर्षी त्या काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात लागल्या. पांढऱ्याफक्क दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या. तडा, बुडबुडा किंवा तळाशी चिकटलेला किडा दिसला की ती बाटली उचलून मागच्या पेटीत टाकायची. दोन वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की चांगली बाटली आपल्याला दिसतच नाही. ती समोरून जाते, पण नजरेत शिरत नाही. घाण तेवढी शिरते. हा अवगुण समजून त्या थोडे दिवस घाबरल्या, मग कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून त्यांनी त्याचं करिअर केलं. बाटल्यांच्या जागी प्रोग्रॅम आले. किडे तेच.

कंपनी सिरिंज पंपांचे प्रोग्रॅम लिहायची. हॉस्पिटलात खाटेशेजारी खांबाला एक पेटी अडकवलेली असते. तिच्यातली मोटर सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलते आणि रोग्याच्या शिरेत औषध जात राहतं. औषध संपलं की पेटीने बोंब मारायची असते. पेटीच्या आतलं डोकं कंपनीचं, आणि ते डोकं ठिकाणावर आहे की नाही हे बघणाऱ्या नाकबाई. त्यासाठी चार हजारांच्या वर टेस्ट लिहून ठेवलेल्या होत्या. टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमला प्रश्न विचारणारे छोटे प्रोग्रॅम. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवी टिकली, चुकलं की लाल. गेली कित्येक वर्षं पडदा हिरवागार होता, आणि मोठ्या साहेबांनी त्याचा फोटो काढून कॉरिडॉरमध्ये लावला होता.

आता, माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. मध्ये कंपायलर नावाचा दुभाष्या लागतो. भाषांतर करता करता तो कुरकुरतो. इथे काहीतरी संशयास्पद आहे, इथे बेरीज केलीस पण वापरली नाहीस, वगैरे. ह्या कुरकुरीला वॉर्निंग म्हणतात. आणि कशावर कुरकुरायचं, कशावर गप्प बसायचं, हे कंपायलरला सांगण्यासाठी जे छोटे हुकूम लिहितात, त्यांना फ्लॅग. हे सगळं शहाण्यासुरत्यांचं काम वाटतं. पण कंपायलर एक नसतो. ह्या ऑफिसात दोन होते, तिसरा येऊ घातला होता, आणि त्यांची बोलण्याची तऱ्हा पाहून नाकबाईंनी त्यांना थोरली जाऊ, मधली जाऊ आणि धाकटी जाऊ अशी नावं ठेवली होती.

थोरली सोशिक. 'सगळ्या वॉर्निंग दाखव' असा एक फ्लॅग आहे. तो तिला दिला तर ती साधारण निम्म्या दाखवते, बाकीच्या मोठ्या मनाने पोटात घालते. 'अमुक वॉर्निंग देऊ नकोस' असं सांगितलं आणि ते अमुक तिने जन्मात ऐकलेलं नसलं, तरी मान डोलावते. मधलीला शब्द आवडत नाहीत, ती आकड्यांत बोलते. चार हजार नऊशे शहाण्णव, म्हणे. काय झालं ते तुम्ही शोधा. तिला तो 'सगळ्या दाखव'चा हुकूम दिला, तर ती खरंच सगळ्या दाखवते, अगदी स्वतःच्या माहेराहून आणलेल्या सामानातल्या, म्हणजे तिच्याबरोबरच आलेल्या तयार प्रोग्रॅममधल्यासुद्धा. धाकटी तरतरीत, तिखट आणि बोलघेवडी. तिला न कळणारा हुकूम दिला तर ती त्या हुकमावरच वॉर्निंग देते.

ही धाकटी एका सोमवारी घरात आली. पंपाचं नवं मॉडेल तयार होतं, गुरुवारी सरकारी तपासनीस येणार होते, आणि त्यांच्या नव्या नियमात लिहिलं होतं की टेस्ट तिन्ही कंपायलरवर चालवून दाखवा. टीम लीडरने दुपारी बटण दाबलं.

ह्या टीम लीडरला सगळे 'होऊन जाईल' म्हणत. वय चौतीस, दंड घट्ट, शर्ट त्याहून घट्ट. कुठलंही काम सांगा, तो "होऊन जाईल" म्हणायचा, आणि ते झालं की नाही हे पाहण्याच्या आत दुसऱ्या कामाला तेच म्हणायचा.

पडद्यावर वॉर्निंग वाहू लागल्या. चहा पिऊन परत आले तरी वाहतच होत्या. शेवटी आकडा थांबला तो तीन हजार सहाशे चौदावर.

"ही बाई आहे का मशीनगन?" होऊनजाईल म्हणाला. "काही नाही मॅडम, टेस्टच्या फोल्डरमध्ये ती गप्प करायची फाइल आहे ना, त्यात हिच्या भाषेतल्या चार ओळी टाकतो. होऊन जाईल."

"कुठली फाइल?"

"ती हो, सरांची."

सर म्हणजे नाकबाईंच्या आधीचे टेस्टिंगप्रमुख. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नाकबाईंना कामाला लावलं त्यांनी, घडवलं त्यांनी, आणि 'एकही वॉर्निंग नको' हा ऑफिसचा नियमही त्यांचाच. पंपाचं प्रत्येक व्हर्जन बाहेर पडण्याआधी एक अहवाल भरायचा असे. त्यात 'वॉर्निंगची संख्या' हा रकाना, त्यापुढे शून्य, आणि खाली टेस्टिंगप्रमुखाची सही. सर गेल्यापासून नाकबाईंनी असे एकतीस अहवाल सह्या करून पाठवले होते. टेस्टच्या फोल्डरमध्ये एक फाइल आहे हे त्यांना माहीत होतं. सरांनी पाचसहा अगदी नाइलाजाच्या वॉर्निंग तिथे बंद केल्या असतील, असं त्या धरून चालल्या होत्या. ज्या बाईने आयुष्यात एक बाटली दिव्यापुढे न धरता सोडली नव्हती, तिने सरांची फाइल उघडून पाहिली नव्हती. गुरूच्या खिशात हात घालावा तसं वाटलं असतं.

त्यांनी ती उघडली.

दोनशे बारा ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचं तरी तोंड दाबलेलं. सुरुवातीच्या थोरलीसाठी होत्या, मग मधलीचे आकडेच आकडे. काही ओळी दोनदा होत्या. काही थोरलीच्या नावाने मधलीला लावल्या होत्या. काही वॉर्निंगची स्पेलिंगं इतकी चुकलेली होती की त्या नावाची वॉर्निंग जगात कुठल्याच कंपायलरला माहीत नसावी. थोरलीने त्यांनाही मान डोलावली होती. जवळजवळ प्रत्येक ओळीशेजारी एकच शब्द लिहिलेला: तात्पुरतं. सगळ्यात जुनं तात्पुरतं नऊ वर्षांचं होतं.

स्वयंपाकघरातल्या सिंकखालची जाळी खूप वर्षांनी काढली की हाताला जे लागतं, तसं बाईंना बोटांना लागल्यासारखं झालं. त्या उठल्या, बेसिनवर जाऊन साबणाने हात धुऊन आल्या. होऊनजाईल पाहतच राहिला.

"मॅडम, तुम्ही नुसतं बघितलंत. हात कशाला धुतलेत?"

"तू धुतले असतेस तर मला धुवावे लागले नसते."

"अहो पण टेस्टच्याच वॉर्निंग आहेत त्या! पंपाच्या मुख्य प्रोग्रॅमला आपण सगळे फ्लॅग कडक लावतो, एक वॉर्निंग आली तरी काम थांबतं. टेस्टचं काय एवढं? टेस्ट काय रोग्याला टोचायचीय?"

ह्या वाक्यात एक बरं होतं, ते म्हणजे ते त्याचं स्वतःचं नव्हतं. धंद्यात सगळीकडे ते असंच बोललं जातं. घर लख्ख ठेवायचं आणि केरसुणीला मात्र कधी धुवायचं नाही, अशी ती रीत आहे.

मंगळवारी सकाळपासून नाकबाईंनी धाकटीच्या वॉर्निंग उगमाप्रमाणे वेगळ्या करायला घेतल्या. दुपारपर्यंत त्यांना कळलं, की तीन हजार सहाशे चौदांपैकी तीन हजार पाचशे नव्वद वॉर्निंग एकाच उगमाच्या होत्या. टेस्ट लिहायला वापरायचा एक तयार साचा होता. तो जिथे जिथे वापरला तिथे तिथे धाकटी एकच वाक्य बोलत होती. म्हणजे ती कुरकूर खरी, पण कामाची नाही. तिच्याच गोंगाटात उरलेल्या चोवीस बुडून गेल्या होत्या. बाई एकेक वाचत गेल्या. वापरलेलं नाही. आकडा कापला जाईल. हेही वापरलेलं नाही. आणि एकोणिसाव्या वॉर्निंगवर नाकपुडी वर चढली ती खाली येईना.

'ही तुलना नेहमीच खरी ठरेल.'

टेस्ट अशी होती: सिरिंजमध्ये औषध थोडं उरलेलं असताना पंप जोरात चालवायचा आणि नंतर विचारायचं, शिल्लक शून्य किंवा त्याहून जास्त आहे ना? प्रश्न चोख. पण शिल्लक ज्या खोक्यात साठवली होती, त्या खोक्यात शून्याखालचा आकडा मावतच नव्हता. शून्यातून एक वजा केला की ते खोकं गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखं उलटं फिरून एकदम पासष्ट हजार पाचशे पस्तीस दाखवायचं. तेही शून्याहून जास्तच. म्हणजे पंपाने काहीही शेण खाल्लं तरी टेस्ट 'हो' म्हणणार. नऊ वर्षं ती रोज हिरवी टिकली देत होती, आणि ती टिकली कॉरिडॉरमधल्या फोटोतही होती.

पंपाचं जुनं मॉडेल असतं तर हे खपून गेलं असतं. त्यात दट्ट्या तळाला टेकला की एक बटण दाबलं जायचं आणि भोंगा वाजायचा. नव्या मॉडेलमधून ते बटण काढलं होतं. पंप हलका आणि सुटसुटीत झाला होता. आता भोंगा वाजणार तो फक्त शिल्लक शून्यावर आली की.

बाईंनी स्टोअरमधून नवा पंप मागवला, सिरिंजमध्ये पाणी आणि निळी शाई भरली आणि टेबलावर मांडला. होऊनजाईलला बोलावलं. एकवीस मिलिलिटर भरलं. वेगाच्या सेटिंगवर पंप एका हिसक्याला दोन ढकलतो. एकोणीस, सतरा, पंधरा, असं करत तीन आणि एक. पुढच्या हिसक्याला सिरिंज रिकामी झाली. भोंगा वाजला नाही. मोटर रिकाम्या सिरिंजवर घूं घूं करत जोर लावत राहिली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: शिल्लक ६५५३५ मि.लि.

"चार बादल्या," नाकबाई म्हणाल्या. "ह्या बोटाएवढ्या सिरिंजमध्ये चार बादल्या औषध आहे, असं तुझा पंप म्हणतोय. नर्स कशाला बघायला येईल?"

होऊनजाईलने थोडा वेळ खरोखर विचार केल्यासारखं दिसलं. "पण मॅडम, विषम आकडा भरला आणि वेगाचं सेटिंग असलं तरच ना?"

"हॉस्पिटलात औषध सम आकड्यात भरतात असं कुठे लिहिलंय?"

"मी काय म्हणतो, पुढच्या व्हर्जनला दुरुस्त करू. नक्की. आत्ता कोडला हात लावला तर सगळी कागदपत्रं परत. गुरुवारी तपासनीस येताहेत. तुम्ही शून्य भरा, मी धाकटीच्या ओळी टाकतो. सरांनी पण असंच केलं असतं."

हे शेवटचं वाक्य त्याने सहज टाकलं होतं, पण बाईंना ते खरं आहे की नाही पाहणं भाग होतं. कुठली ओळ कोणी कधी लिहिली हे सगळं कॉम्प्युटर जपून ठेवतो. त्याला माणसांसारखं विसरायचं शहाणपण नाही. हीच एकोणिसावी वॉर्निंग थोरलीच्या तोंडून येऊ न देणारी ओळ सरांच्या नावावर होती. त्याच दिवशी, एका तासात, त्यांनी अशा एकशे तीस ओळी टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कंपनीची पहिली तपासणी होती, ज्या तपासणीतलं शून्य पाहून सर्वांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. नाकबाईही वाजवणाऱ्यांत होत्या. पुढच्या रांगेत.

त्यांनी सरांना फोन लावला. सर खुशीत होते.

"अगं, किती दिवसांनी! काय, भोंगे वाजताहेत ना सगळे?"

"एक वाजत नाहीये, सर." बाईंनी सगळं सांगितलं.

पलीकडे सर हसले. खोटं नाही, अगदी मोकळं हसले. "असेल असेल. तेव्हा वेळच नव्हता गं. सतराशे साठ वॉर्निंग होत्या. साहेब म्हणाले, शून्य पाहिजे. मी शून्य दिलं."

"पण तुम्ही वाचल्या होत्या का त्या?"

"सतराशे वॉर्निंग कोण वाचतं?"

"आणि नियम? एकही वॉर्निंग नको?"

"मग होती का एक तरी?" सरांना आपल्या उत्तराची गंमत वाटली असावी, ते पुन्हा हसले. "हे बघ, तू फार मनाला लावून घेतेस, पहिल्यापासून. एक ओळ टाक आणि मोकळी हो. आणि ये एकदा घरी, ही आठवण काढते तुझी."

फोन ठेवल्यावर नाकबाईंना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. सरांना गुरू मानल्याच्या बावीस वर्षांचा एक घास परत तोंडाशी आल्यासारखं त्यांना झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे, एकतीस अहवालांवरची सही सरांची नव्हती.

संध्याकाळी घरी नवरा कवळ्या घासत बसला होता. तो दातांचा कारागीर; गावभरच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि कॅप बनवायचा, आणि राहिलेलं काम घरच्या मागच्या खोलीत आणायचा. बाईंनी स्टुलावर बसून सगळी हकिगत सांगितली.

"म्हणजे प्रश्नच असा विचारला होता की उत्तर एकच येणार," तो कवळीवरून डोळे न काढता म्हणाला.

"हो."

"आमच्यात एक आहे तसा. तोंडाच्या मापाचा साचा बिघडला तर पेशंटला परत बोलवत नाही. कवळी करतो आणि त्याच साच्यावर बसवून दाखवतो. बसतेच. साचा त्याचाच."

"मग पेशंट?"

"पेशंट पातळ खातो." त्याने कवळीवर फुंकर मारली. "तू काय करणारेस?"

"सही नाही करणार."

"मग ते दुसऱ्याकडून करून घेतील."

"घेऊ देत. ह्या अहवालापुरतं तरी माझ्याशिवाय अडतं त्यांचं."

"आणि तुला काढलं तर?"

"अहो, काढतील तेव्हा बघू. आधी हात धुवा आणि जेवायला चला. ती कुणाच्या तरी तोंडातली आहे."

"अजून गेलेली नाही तोंडात, नवी कोरी आहे," नवरा म्हणाला; पण उठला.

बुधवारी दहा वाजता नाकबाईंनी अहवाल उघडला. खोटं लिहायचं नाही, तर खरं लिहावं, असा त्यांचा साधा बेत होता. 'वॉर्निंगची संख्या' ह्या रकान्यात त्यांनी तीन हजार सहाशे चौदा लिहायला घेतले. तीन उमटेना. सहा उमटेना. त्यांनी कीबोर्ड बदलून पाहिला. शेवटी फॉर्म बनवणाऱ्या विभागाला फोन केला, तेव्हा तिथल्या बाईने अदबीने सांगितलं, की त्या रकान्यात शून्याखेरीज दुसरा आकडा घेतच नाही. तसंच बनवून मागितलं होतं, सरांनी. चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून.

मग नाकबाईंनी एकच गोष्ट केली. रकाना रिकामा ठेवला. रकाना रिकामा असला की अहवाल पुढे सरकत नाही, आणि अहवाल सरकला नाही की पंप बाहेर पडत नाही.

अकरा वाजता होऊनजाईल आला, साडेअकराला परत आला, बाराला आला तेव्हा शर्ट बगलेत ओला होता.

"मॅडम, मोठे साहेब विचारताहेत की नेमकं पाहिजे काय तुम्हाला?"

"भोंगा."

"एवढंच?"

"बाकीचं मी मागितलं तर तुम्हाला पाच वर्षं लागतील. आज भोंगा द्या."

दुरुस्ती अकरा मिनिटांत झाली. वजा करण्याआधी उरलंय किती ते बघायचं, एवढी एक ओळ. टेस्टही बदलली. नाकबाईंनी ती आधी जुन्या प्रोग्रॅमवर चालवून लाल करून घेतली, आणि नऊ वर्षांतली ती पहिली लाल टिकली, आयुष्यात पहिल्यांदा नजरेत शिरलेली चांगली बाटली असावी तशी न्याहाळली. मग नव्यावर हिरवी. मग परत शाईचं पाणी, एकवीस मिलिलिटर. तीन, एक, शून्य. भोंगा असा बोंबलला की स्टोअरवाले काका धावत आले.

"होऊन गेलं ना?" होऊनजाईल कानावर हात ठेवून ओरडला. "आता करा सही!"

"वॉर्निंग किती?"

"शून्य!"

बाईंनी त्याच्या पडद्याकडे पाहिलं. शून्यच होतं. दुपारच्या त्या अकरा मिनिटांनंतर उरलेल्या वेळात त्याने धाकटीसाठी एक नवी फाइल केली होती. उरलेल्या तेवीस आणि त्या तीन हजार पाचशे नव्वद, सगळ्यांची तोंडं दाबून झाली होती. शेजारी तो शब्दही लिहिलेला होता. तात्पुरतं.

"ह्यावर मी सही करणार नाही," नाकबाई म्हणाल्या.

"भोंगा दिला ना तुम्हाला!"

"भोंगा रोग्याला दिलास. मला हा उकिरडा देतोयस."

चार वाजता मोठ्या साहेबांचं पत्रक निघालं: कामाची विभागणी सुटसुटीत व्हावी म्हणून यापुढे वॉर्निंगच्या अहवालावर टीम लीडर सही करील. त्याने ती केली. गुरुवारी तपासनीस आले, तीन कंपायलर आणि त्यापुढे तीन शून्यं पाहिली, म्हणाले की इतकं स्वच्छ काम क्वचितच दिसतं, आणि टाळ्या झाल्या. नाकबाई ह्या खेपेला मागच्या रांगेत होत्या, हातात चहाचा कप होता, त्यामुळे वाजवायचा प्रश्न आला नाही.

"पंप गेला?" नवऱ्याने संध्याकाळी विचारलं.

"गेला."

"वाजणारा?"

"वाजणारा."

"मग तोंड असं का? एरंडेल प्यायल्यासारखं?"

"माझे एकतीस राहिलेत ना."

त्यांनी तपासनिसांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चार ओळींचं. मागील सहा वर्षांत माझ्या सहीने गेलेल्या एकतीस अहवालांतील वॉर्निंगची संख्या खरी नव्हती. वॉर्निंग दुरुस्त केलेल्या नसून बंद केलेल्या होत्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं माझं काम होतं. तरी अहवाल पुन्हा तपासावेत. खाली पूर्ण सही, आडवी रेघ मारून. होऊनजाईलला कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, स्वतःवर कोण तक्रार करतं?"

"दुसऱ्यावर केली असती तर तू एवढा घाबरला नसतास."

उत्तर यायला सात आठवडे लागले. जाड कागद, वर शिक्का. नाकबाईंनी ते आपल्या टेबलाशी उभ्या उभ्याच वाचलं. आपले पत्र मिळाले. सदर एकतीसही अहवालांचे अवलोकन करण्यात आले. सर्व अहवालांत वॉर्निंगची संख्या शून्य नमूद असल्याने फेरतपासणीस कारण दिसून येत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग होऊनजाईलला हाक मारून दाखवलं. तो वाचून खूश झाला, "बघा, सुटलात!" म्हणाला आणि पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने निघून गेला.

नाकबाई खाली बसल्या. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवावं की टोपलीत टाकावं हे त्यांना ठरवता येईना. दोन्ही जागा त्यांना त्या कागदासाठी जास्तच चांगल्या वाटल्या. शेवटी ते त्यांनी उघडं टेबलावरच ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि सरांची फाइल उघडली. सात आठवड्यांत त्यांनी दोनशे बारापैकी अडतीस ओळी काढल्या होत्या, कोणी सांगितलेलं नसताना. त्या अडतिसांखालून आणखी दोन टेस्ट सापडल्या होत्या, काहीच न विचारणाऱ्या. त्यांनी एकोणचाळिसावी ओळ पुसली, बटण दाबलं, आणि थोरली जाऊ इतक्या वर्षांनी काय बोलते ते ऐकायला पडद्याकडे वाकल्या.